गुरुवारचे बघणारे

रविवार सोडला, तर इटलीत म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायांना आठवड्यात एकच दुपार मोकळी मिळते, गुरुवारची. त्यामुळे रुमानियातल्या त्या टेकडीवरच्या गावातही सगळे गुरुवारचीच वाट पाहत. इतर दिवशी फोन मुके. गुरुवारी तीन वाजले की घरोघरी ते वाजू लागत. फादर ग्रिगोरेंनीसुद्धा देवमातेचा स्तोत्रपाठ बुधवारचा गुरुवारी आणला होता. परदेशी राबणाऱ्या लेकीबाळींनी निदान फोनवर तरी बघावा, हात जोडावेत, एवढीच त्यांची इच्छा.

देवळात फोन लावून पाठ थेट दाखवायचं काम प्रोफिराकडे होतं. नवरा गेल्यापासून ते तिनं व्रतासारखंच धरलं होतं. पाठ सुरू झाला की बाया फोनवर आपापल्या माणसांची नावं लिहून पाठवायच्या. कुणाचं आजारपण, कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाचे वडील वारलेले. प्रोफिरा ती नावं चिठ्ठीवर उतरवायची. डावीकडे जिवंत माणसं, उजवीकडे गेलेली. फादर आधी डावीकडची वाचत, मग उजवीकडची.

फोनच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा दिसायचा. बाया सव्वीस, त्यात इटलीत पादोव्याला असलेली तिची लेक रुक्सांदाही आली. पण उजवीकडची नावं सुरू झाली की आकडा वाढायचा. आठ नावं असली की चौतीस. मेणबत्त्या विझल्या की पुन्हा सव्वीस. वसंत ऋतूपासून ती हे बघत होती, पण भ्यायली नाही. आपली माणसं आपलं नाव ऐकायला येतात, त्यात भ्यायचं काय? त्या आठांत आपला नवरा नेकुलाईही असेल, या विचारानं तिला उलट बरंच वाटायचं.

घंटा वाजवणाऱ्या इरिमियाकाकांना तिनं एकदा हे सांगितलं.

"मेलेल्यांच्या फोनात पैसे कोण भरतं गं?" काका म्हणाले. "मला जिवंतपणी कुणी भरून देत नाही."

"चेष्टा नका करू काका."

"चेष्टा कसली पोरी. मी आता तिकडेच जाणार. आधी चौकशी केलेली बरी."

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी वारा सुटला आणि फोनचं चित्र सारखं अडकू लागलं. प्रोफिरा बाकावर चढली, फोन खिडकीशी नेला, खाली उतरली. तोवर नावांची रीघ लागली होती. घाईघाईत तिनं चिठ्ठी भरली आणि फादरांच्या हाती दिली.

"...सफ्ता, नेकुलाई, रुक्सांदा यांच्या आत्म्यांना चिरशांती लाभो..."

प्रोफिराच्या हातून लेकीचं नाव उजवीकडे लिहिलं गेलं होतं. खरी गेलेली आठ, आणि ही नववी. तिनं फोनकडे पाहिलं. आकडा पस्तीस. बघणाऱ्यांच्या यादीत रुक्सांदाचं नाव होतं. खाली आणखी एकदा होतं.

देवळाच्या पायरीवरूनच तिनं फोन केला.

"अगं, मी धडधाकट आहे," रुक्सांदा हसली. "पाय ठणकताहेत, कंबर धरलीय. मेलेल्यांची कंबर धरत नाही, आई."

"असं बोलू नये."

"बरं, नाही बोलत. तू जेवलीस का?"

पुढच्या गुरुवारी प्रोफिरानं चिठ्ठी तीनदा वाचून दिली. उजवीकडे आठच नावं. आकडा मात्र नऊनं वाढला.

दर सोमवारी फोनवर आठवड्याचा तक्ता यायचा. कोण कुठल्या वारी, किती वाजता बघतं, त्याच्या उभ्या पट्ट्या. गुरुवारची उंच, रविवारची बुटकी, बाकी सपाट. आता शुक्रवारी एक बारीकशी पट्टी उगवली. पुढच्या सोमवारी शनिवारचीही. मग मंगळवार, बुधवार. कोणीतरी रोज बघत होतं, आणि एकच गोष्ट बघत होतं... फोनवर साठवलेल्या सप्टेंबरातल्या त्या पाठाचे अकरा सेकंद. फादर रुक्सांदाचं नाव घेतात, तेवढेच. प्रोफिरानं तो पाठ पुसून टाकला. पट्ट्या वाढतच राहिल्या.

ऑक्टोबरात रुक्सांदा फोनवर सहज म्हणाली, "मी सांभाळते त्या आजीबाईंचं डोकं अगदीच चाललंय बघ. म्हणतात, गुरुवारी तू फोन बघतेस तेव्हा मागे बसते ती तुझी बहीण का? फार गुणी आहे म्हणे, मुळीच बोलत नाही."

प्रोफिरा ओढणी डोक्यावर घेऊन तशीच फादरांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हाक चुकीच्या दारावर गेली," ते म्हणाले. "आता बरोबर दारात मारा. लेकीला घरी बोलवा. बुधवार-शुक्रवारचा उपास करा, आणि रोज तिन्हीसांजेला फाटकात उभं राहून तिला नावानं बोलवा. आईची हाक आहे, वाया जायची नाही."

रुक्सांदानं रजा मागितली. शुक्रवारी बस, रविवारी घरी, असं ठरलं. प्रोफिरानं उपास धरला, मोडला नाही. रोज गाय दोहून झाली की फाटकाशी जायची आणि रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून म्हणायची, "रुक्सांदा, घरी ये गं." अक्रोडाच्या झाडांखाली ओल्या पाल्याचा वास असायचा. धुकं नदीकडून वर सरकायचं.

लेक निघायची त्या आठवड्याच्या मंगळवारी प्रोफिरानं हाक मारली, आणि धुक्यातून आवाज आला.

"आले."

रुक्सांदाच होती. हातात छोटी पिशवी. तोच चेहरा, तीच कपाळावरची बट.

"अगं, तू तर रविवारी..."

"आधीची बस मिळाली. फोन तिकडेच राहिला."

प्रोफिरानं तिला छातीशी धरलं. अंग ऊबदार होतं. देवमातेपुढे दिवा लावला, मक्याचं पिठलं ढवळलं, चीज वाढलं. बुधवारी लेकीनंही न सांगता उपास केला. दिवसभर चुलीशी बसून ती गावाची खबर विचारत राहिली. आजी कशी आहे, आजोबांचा खोकला गेला का, विहिरीजवळचा मिहाई अजून बासरी वाजवतो का. ती सगळी कधीच गेलेली माणसं. दमलीय पोर, परदेशात दिवसांचा हिशोब राहत नाही, असं मनाशी म्हणत प्रोफिरानं तिच्या अंगावर घोंगडी घातली.

गुरुवारी दोघी देवळात गेल्या. इरिमियाकाकांनी रुक्सांदाला पाहून टोपी काढली.

"आलीस होय? इटलीवाल्यांनी खायला घातलं नाही वाटतं."

रुक्सांदा नुसती हसली आणि आईच्या शेजारी, फोनसमोर, उभी राहिली. धूप दरवळला. बाया नावं पाठवू लागल्या. प्रोफिरानं चिठ्ठी दिली. फादरांनी डावीकडची नावं संपवली, उजवीकडची सुरू केली. आठ नावं. तिनं श्वास रोखून कोपऱ्याकडे पाहिलं.

सव्वीसवरून चौतीस. आठच.

नववी आली नव्हती. दोन महिन्यांनी पहिल्यांदा नव्हती आली. तिचे डोळे भरून आले. व्रत फळलं, माऊली, असं पुटपुटत तिनं शेजारचा हात घट्ट धरला. त्या हातानंही तिचा हात धरला.

तेवढ्यात फोनवर नवी ओळ उमटली. वर नाव रुक्सांदाचं.

"आई, माझी बस उद्या सकाळची आहे. तुझ्या शेजारी कोण उभी आहे?"

प्रोफिरानं ओळ वाचली. पुन्हा वाचली. ओळ कुणीही लिहिली असेल... यादीत त्या नावाच्या दोघी होत्याच की. आणि हातातला हात ऊबदार होता, लेकीच्या हातासारखाच. मान वळवावी असं तिला वाटलं, पण मान वळेना.

फादरांचं वाचन थांबलं. देवळात फक्त मेणबत्त्यांची तडतड उरली. शेजारचं डोकं हळूच तिच्या खांद्यावर टेकलं.

"काय लिहिलंय, आई?"