वरचे दोन आवाज

दर गुरुवारी सकाळी अकराला क्षयाच्या वॉर्डातली माणसं कान तपासायला खाली येत. तपासणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. काम तसं साधं. रुग्णाला आवाजबंद केबिनमध्ये बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि दार लावून घ्यायचं. मग बाहेर काचेपाशी बसून ताई एकेक आवाज सोडत. तो ऐकू आला की रुग्ण बटण दाबी आणि ताईंसमोर हिरवा दिवा लागे.

हट्टी क्षयाला जे इंजेक्शन द्यावं लागतं ते जीव वाचवतं, पण कान खातं. आधी जातात ते सगळ्यात वरचे, बारीक आवाज. बोलणं नीट ऐकू येत असतं, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. तेवढ्यात पकडलं तर डॉक्टर औषध बदलतात आणि उरलेलं वाचतं. नाही पकडलं, तर गेलेलं काही परत येत नाही.

हे सगळं ताईंना तोंडपाठ होतं. तरी रांग लांबली की त्या वरचे दोन आवाज गाळत आणि रजिस्टरात गेल्या आठवड्याच्याच खुणा उतरवत. मागील पानावरून पुढे चालू. कपडे शिवून पोट भरणाऱ्या एका बाईचं पान असं पाच आठवडे पुढे चालू राहिलं. सहाव्या आठवड्यात ती ठार बहिरी झाली, आणि पुढे दुखण्यानंच गेली. पान स्वच्छ होतं, कुणी काही विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ताईही बोलल्या नाहीत. नंतर नवं मशीन आलं. ते आलेख आपला आपणच काढी, तिथे हातचलाखीला जागाच नव्हती.

त्या गुरुवारी एक तरुण शिक्षिका आली. सहा महिन्यांची मुलगी घरी नवऱ्याजवळ ठेवून ती वॉर्डात राहत होती.

"रोज फोनवर तिचे हुंकार ऐकते," ती म्हणाली. "तेवढ्यावर दिवस निघतो. कान सांभाळा हं माझे, ताई."

ताईंनी खालचे, मधले, वरचे असे सगळे आवाज सोडले. प्रत्येकाला दिवा लागला. आलेख सुरेख निघाला. ताईंना बरं वाटलं. त्यांनी दार उघडलं.

"शेवटी थांबला होतात का?" शिक्षिकेनं विचारलं. "बराच वेळ काहीच आलं नाही."

"मग बटण का दाबलंत?"

"नाही दाबलं... शेवटी नाही."

वायर बिघडली असणार. ताईंनी वायर बदलली, बटण आतल्या खुंटीला अडकवलं आणि शिक्षिकेला नुसता हात वर करायला सांगितलं. खालच्या आवाजांना हात वर झाला, दिवा लागला नाही. तसंच व्हायला हवं होतं. मग त्यांनी वरचे दोन सोडले. हात मांडीवरच राहिला.

आणि दिवा लागला.

काचेतून खुंटीवरचं बटण स्पष्ट दिसत होतं. ते आत गेलेलं होतं. कुणीतरी अंगठ्यानं दाबून धरावं, तसं. दार उघडल्यावर आतून शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला. खाई त्याला खवखवे. ताईंना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

पहिला आलेख घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या.

"सर, तिचे वरचे आवाज गेलेत. यावर विश्वास ठेवू नका."

"अहो ताई, आलेख तर उत्तम आहे. इंजेक्शन थांबवलं तर आजार उसळेल." डॉक्टरांनी चष्मा काढला. "आपल्या तपासणीत आधी कधी चूक निघाली आहे का? निघाली असेल तर सांगा, आजच थांबवतो."

एक वाक्य पुरलं असतं. ताईंची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती.

"नाही, सर," त्या म्हणाल्या.

पुढचे दोन गुरुवार असेच गेले. आलेख स्वच्छ, आणि शिक्षिकेचा हात दर वेळी आधीच्यापेक्षा कमी वेळा वर. त्यानंतरच्या गुरुवारी तिला नर्सनं दंडाला धरून आणलं. सकाळी फोनवर मुलगी रडत होती म्हणे, पण हिला पडद्यावर नुसतं उघडं तोंड दिसलं.

ताई धावत वर गेल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. पाच आठवड्यांचं पानही सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त इंजेक्शन बंद केल्याचा कागद लिहिला. ते रागावले असते तर ताईंना सोसलं असतं.

त्या खाली आल्या तेव्हा शिक्षिका केबिनमध्येच बसून होती. ताईंनी चिठ्ठीवर लिहिलं, 'चूक माझी आहे. मला माफ करा.'

तिनं वाचलं. मग शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे मान कलती करून ती जरा वेळ तशीच राहिली.

"सगळं बंद झालं," ती बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली. "फक्त या बाई तेवढ्या ऐकू येतात."

ताईंनी चिठ्ठी उलटी केली. 'काय म्हणतात?' एवढंच त्यांनी लिहिलं.

शिक्षिकेनं चिठ्ठी वाचली आणि नवल वाटून वर पाहिलं.

"तुमच्याशीच बोलतायत त्या, ताई... मघापासून. तुम्हाला ऐकू येत नाही?"