तहान कुठल्या पक्षाची?

पहिला शनिवार.

गाण्यातला जोडीदार तापाने घरी, म्हणून बाजारातल्या बाकड्यावर ओझिएल एकटाच. मांडीवर दहा तारांची वीओला. मी चीज विकायला आलेले. माझी वीओला पाठीला.

"गाणार का, बाई? की नुसतंच ओझं?"

बसले. आमच्या सवाल-जवाबाचा मुख्य नियम — समोरचा ज्या यमकावर थांबेल, तिथूनच आपण उचलायचं.

"...गाईल का ही नवी चिमणी, बाजारात जी आली?"

"ससाणीला चिमणी म्हणता, नजर कमी झाली?"

लोक खिदळले. तो लाजला — कानापर्यंत!

दुसरा शनिवार.

मुद्दाम अवघड यमकं टाकली.

"छळता का हो, लिंदाल्वा?"

"झेपत नसेल तर सांगा."

"झेपतंय... पण घरी गेल्यावरही कानात वाजतंय."

तिसरा शनिवार.

(तो आला नाही. म्हणून हा परिच्छेदही नाही.)

चौथा.

"जूनच्या जत्रेतलं मोठं व्यासपीठ मिळालं! नगराध्यक्षांनी स्वतः बोलावलं. दहा वर्षं वाट बघितली, लिंदाल्वा..."

तेवढ्यात नगराध्यक्षांचा माणूस समोर उभा. "साहेबांवर गा. कौतुकाचं." श्रोत्याने दिलेला विषय नाकारायचा नसतो.

"जपून," ओझिएल पुटपुटला.

मी तारा छेडल्या —

"धन्य आमचे नगराध्यक्ष, टँकर त्यांचा शहाणा,
मत दिलेलं दार ओळखतो, इतर दारी बहाणा!
नजर त्यांची चौफेर फिरते, कमाल त्यांच्या लक्षाची —
आईचा माठ विचारतो, तहान कुठल्या पक्षाची?"

कुणी हसलं नाही. सगळे ओझिएलकडे बघत होते. त्याने उचललं नाही तर मी एकटी पडणार. उचललं तर व्यासपीठ गेलं.

त्याची बोटं थांबली. मी मान ताठ ठेवली. नाही उचललं, तर पुढचं कडवंही मीच गाणार होते...

"नको मला ती सावली असल्या पानझडी वृक्षाची!
उन्हातलं हे बाकडं बरं, सोबत तुझ्या स्वराची."

बाजार उसळला. साहेबांचा माणूस पाय आपटत निघून गेला. आणि मी — कधी यमक न चुकणारी मी — उचलायचंच विसरले.

"हरली, हरली!" भाजीवाली ओरडली.

"थांबा हो, मावशी," मी म्हटलं. मग त्याच्याकडे वळून, नीट सुरात —

"सरक जरा मग... चाल बांधू या आता एकाच घराची!"