आमच्या मागे आलेली चाकोरी

"आई, तू रुंद टायरला घाबरतेस का?"

हा प्रश्न माझा नव्हता. मैत्रिणींनी पैज लावली होती. शाळेच्या गेटसमोर, सगळ्यांच्या देखत, आईला विचारून दाखव म्हणून. आमचा ट्रक त्यांना विनोदी वाटायचा. अंगाने दांडगा आणि खाली चार बारीक टायर. "म्हशीला बकरीचे पाय लावलेत," असं आमच्यातली लंबू म्हणाली आणि सगळ्या इतक्या हसल्या की मलाही हसावं लागलं.

मी विचारलं. मागच्या वर्षीची मी असते तर नसतं विचारलं. पण यंदा मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि तेव्हापासून माझ्या तोंडाला कुलूप राहिलेलं नाही, असं बाबा म्हणतात.

आईने खिडकीतून खाली माझ्याकडे पाहिलं.

"घाबरते," ती म्हणाली.

हसणाऱ्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

त्यानंतर जे झालं ते अगदी जसंच्या तसं लिहिते आहे. तुम्ही इथे भुताखेतांच्या गोष्टी रोज वाचता, त्यामुळे 'कशावरून खरं' असं विचारणारच. माझ्याकडे पुरावा आहे. तो आत्ता, या क्षणी, माझ्या खोलीच्या बरोबर खाली आहे.

आणि एक सांगून ठेवते. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. शनिवार होता, अर्धी शाळा. भरदुपार.

आधी घरचं सांगते. खाली बाबांचं टायरचं दुकान, वर आम्ही. आई ट्रक चालवते. धरणाचं पाणी ओसरलं की तलावाचा तळ उघडा पडतो. मग आई त्या तळावरून आडवी पलीकडच्या काठाला जाते आणि तिथल्या पंपघराला डिझेल पोचवते. रस्त्याने वळसा घालायचा तर अख्खा दिवस मोडतो.

तळ वरून सुकलेला दिसतो. खाली चिखल असतो. अशा जमिनीवर टायर कोणते हवेत, यावरून आमच्याकडे रोजच्या जेवणात भांडण.

"रुंद टायर म्हणजे हत्तीचा पाय," बाबा म्हणायचे. "वजन पसरतं. चिखलावर तरंगत जातो."

"तरंगतोय तोवर ठीक. अरुंद टायर चिखल कापत खाली जातो आणि कडक जमिनीवर उभा राहतो. मला पायाखाली काहीतरी लागतं."

"अगं, पण खाली कडक जमीन असली तर ना."

"आणि नसली तर तुमचा हत्ती काय करणार आहे, पोहणार?"

बाबांचं खरं दुखणं वेगळं होतं. टायरच्या दुकानदाराच्या बायकोच्या ट्रकला जुने, कुणाचे तरी वापरलेले टायर. लोक दिव्याखाली अंधार म्हणणारच. पण ते टायर आईने कधी बदलू दिले नव्हते.

गेटवरच्या त्या प्रश्नानंतर मात्र मी बाबांच्या बाजूने मत दिलं. दोघांविरुद्ध एक. आई ताट उचलून आत गेली.

शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी रुंद टायर चढवले. जुने चार मी घासूनपुसून धुतले. ते काम लहानपणापासून माझंच. डाव्या मागच्या टायरच्या नक्षीतला एक चौकोनी तुकडा उडालेला आहे, तो माझ्या बोटांना पाठ आहे. डोळे मिटून हात फिरवला तरी तो टायर मी ओळखेन.

बाबांनी त्यांची थप्पी दुकानात भिंतीपाशी लावली. म्हणाले, मधवाला कधीपासून मागतोय, त्याला देऊन टाकू. मधवाला म्हणजे मधमाश्यांच्या पेट्या घेऊन याच तळावरून ये-जा करणारा एक हसतमुख माणूस. सोबत कायम त्याची बायको.

आईने थप्पीवर हात ठेवला. "इतक्यात नको विकायला," एवढंच म्हणाली.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी आईसोबत निघाले. जाताना काय मजा आली म्हणून सांगू. ट्रक खरंच तरंगत होता. मी शंभर फोटो काढले. "बघ, उगाच घाबरत होतीस," असं आईला ऐकवूनही झालं.

परत निघालो आणि भरदुपारी, कुठून कोण जाणे, धुकं उतरलं.

तळावर आईचा एक नियम आहे. स्वतःच्या चाकोरीतून परत यायचं नाही. एकदा दाबलेला चिखल दुसऱ्यांदा वजन पेलत नाही. म्हणून जातानाच्या खुणा नजरेच्या टप्प्यात ठेवायच्या आणि शेजारच्या कोऱ्या जमिनीवरून यायचं.

म्हणजे आमच्या मागे जी चाकोरी उमटत होती, ती फक्त आमची होती. नुकतीच, त्या क्षणी उमटलेली.

मी आरशातून तिचा फोटो काढायला गेले. रुंद ठसे छान दिसत होते.

आणि त्या रुंद ठशांच्या आत...

अजून एक ठसा होता. बारीक.

मला वाटलं, आरसा खराब आहे. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं. आमच्या दोन्ही चाकोऱ्यांच्या आत, प्रत्येकीच्या मधोमध, रुळासारखी सरळ, एकेक अरुंद चाकोरी. आमच्याहून खोल. तिच्यात पाणी झिरपत होतं.

"आई, आपल्या मागे कुणी आहे का?"

आईने आरशात पाहिलं. मागे धुकं होतं. गाडी नव्हती.

तिने वेग वाढवला.

तिथेच चुकलं. रुंद चाकं घसरली, जागच्या जागी फिरली, नक्षीत चिखल बसून गुळगुळीत झाली आणि ट्रक पोटावर बसला. आईने इंजिन बंद केलं.

सगळं शांत झालं.

आणि तरीही...

इंजिनचा आवाज येत होता. मागून. गाडी उभी करून चालू ठेवल्यावर येतो तसा, संथ.

"थांब, मागे घेऊन बघते," आई म्हणाली. तिने आमचं इंजिन सुरू केलं आणि ट्रक हळूच मागे घेतला. वीतभरही सरकलो नसू.

धप्.

कशाला तरी टेकलो. दगडाला नाही. मऊ, जड. दुकानात टायरच्या थप्पीवर पाठ टेकली की लागतं, तसं.

आरशात काहीच नव्हतं.

मी पुन्हा बाहेर वाकले. बारीक चाकोऱ्या आमच्या मागच्या चाकांपर्यंत आल्या होत्या आणि तिथे थांबल्या होत्या. डावीकडच्या ठशात, थोड्या थोड्या अंतराने, नक्षीतला एक चौकोन कोरा होता.

तो चौकोन मला पाठ होता.

"आई, हे आपले टायर आहेत. आपले जुने."

"आत बस. काच वर घे."

"पण ते तर दुकानात..."

"आत बस म्हटलं ना."

मी दार धरून बसले. उतरायची सोय नव्हतीच, चिखल पायरीपर्यंत आला होता. पुढे खोल, मागे ते. एवढीशी केबिन, डिझेलचा वास आणि आम्ही दोघी.

मग आईने सांगितलं. आजवर कधीच सांगितलं नव्हतं.

तिला ट्रक शिकवला तो एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. मुलीच्या हातात स्टेअरिंग द्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा त्याने दिलं. त्याचं एकच सांगणं असायचं, तळावर अडकलात तर गाडी सोडायची नाही. आणि एक दिवस त्याचाच ट्रक इथे मिळाला. दार उघडं. चावी तशीच. चिखलात पावलं उमटलेली, पुढे पुढे जाणारी, आणि मग नाहीत. उस्ताद काही सापडला नाही.

ट्रक भंगारात गेला. टायर चांगले होते. ते आईने मागून घेतले.

"म्हणजे इतकी वर्षं मी त्यांचे टायर..."

"हो."

"तू रुंद टायरला नाही घाबरत," मी म्हणाले. "तू हे टायर काढायला घाबरत होतीस."

आईने होकाराची मान हलवली.

तेवढ्यात लांब भोंगा वाजला. वरच्या धरणातून पाणी सोडताना वाजतो तो. आज सोडणार हे आईला माहीत होतं, पण तोवर आम्ही घरी पोचायला हवं होतं.

पाणी गाजावाजा करत येत नाही. आधी चाकोऱ्या भरल्या. मग जमिनीला चकाकी आली. मग पायरीखाली डुबुक डुबुक ऐकू यायला लागलं. फोनला रेंज नव्हती. मी मनातल्या मनात बाबांना हाका मारत होते.

आणि मागचं इंजिन...

जोरात झालं.

मागून रेटा बसला. आमचा ट्रक, एवढं धूड, कुणी कडेवर घ्यावं तसा उचलला गेला आणि पुढे कडक जमिनीवर टेकला. आईने गिअर टाकला. चाकांनी पकड घेतली. मला रडू आणि हसू एकदमच आलं.

"आई, त्यांनी ढकललं आपल्याला."

आई समोर बघत होती.

आमच्या पुढे, कोऱ्या चिखलात, दोन बारीक चाकोऱ्या उमटत होत्या. आम्ही बघत असताना. कुणी रेघ ओढावी तशा. वर काहीच नव्हतं.

"चल म्हणतायत," आई म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "त्यांनी मला कधी चुकीची वाट दाखवली नाही."

आम्ही त्या चाकोरीमागे निघालो. ती सरळ जात होती, अजिबात न डगमगता. धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसेना.

मग डावीकडे काहीतरी लाल दिसलं. पाण्याची पातळी मोजायचा खांब. तो आपल्या काठाला आहे. म्हणजे काठ डावीकडे होता.

चाकोरी मात्र सरळ चालली होती.

"आई, डावीकडे घे."

ती ऐकेना. हात स्टेअरिंगवर, डोळे त्या रेघांवर.

"आई."

मी स्टेअरिंग धरलं आणि सगळी ताकद लावून ओढलं. ट्रक वळला. रुंद चाकं त्या बारीक चाकोरीत मावलीच नव्हती, वरूनच चालली होती, सुटली लगेच. अरुंद असती तर त्या खोल रेघेत बसली असती आणि मला काही ती वळवता आली नसती.

उजव्या खिडकीतून मी पाहिलं. बारीक चाकोऱ्या तशाच सरळ पाण्यात गेल्या. आणि ते इंजिन... ते आमच्या शेजारून पुढे गेलं, लांब गेलं, आणि पाण्याखाली गेल्यासारखं घुमत बंद झालं.

काठावर चढल्यावर आईने ट्रक थांबवला आणि माझा हात इतका घट्ट धरला की अजून दुखतो आहे.

घरी बाबा दुकानाच्या दारातच उभे होते. "काय मग, तरंगला की नाही आमचा हत्ती?"

आम्ही दोघी त्यांच्या बाजूने आत गेलो, थप्पीकडे.

चारही टायर ओले होते. नक्षीत तळाचा राखाडी चिखल गच्च बसलेला. सर्वांत वरच्या टायरमधून, जिथला चौकोन उडाला आहे तिथून, पाणी टपकत होतं.

"मी दुपारभर इथेच बसलोय," बाबा म्हणाले. मग ते थप्पीपासून दोन पावलं मागे सरकले.

त्या रात्री आम्ही तिघं एका खोलीत झोपलो. झोपलो म्हणजे पडलो.

उस्तादाने आम्हाला वाचवलं की न्यायला आला होता, हे मला अजून कळलेलं नाही. आई म्हणते वाचवलं. पण वाचवणारा माणूस पाण्याकडे का नेईल? यावर ती म्हणते, "ते टायर परत चढवू या." बाबा म्हणतात, आजच्या आज जाऊ देत घराबाहेर.

आज सकाळी मधवाला आला. दुकानासमोर गाडी लावली, बायको शेजारच्या सीटवर. हसत म्हणाला, "घेऊन जाऊ का मग तुमचे बारीक टायर? उद्या पेट्या पलीकडे न्यायच्यात."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे.

मी पुढे झाले आणि म्हणाले, "काका, ते विकायचे नाहीत."

तो गेल्यावर मी दोघांना समोर बसवलं. वक्तृत्व स्पर्धेत उभी राहते तशी त्यांच्यापुढे उभी राहिले.

"आई, ते आपल्या ट्रकला परत लागणार नाहीत. बाबा, ते दुसऱ्या कुणाच्याही ट्रकला लागणार नाहीत. भंगारात नाही, तलावात तर नाहीच. जिथे जातील तिथून ते कुणाला तरी घेऊन जातील. म्हणून ते इथेच राहणार, माझ्या खोलीखाली. आणि पाणी टपकायचं कधी थांबतं, ते मी ऐकत बसणार."