नाव न घेता तळलेलं

मी तिथे नव्हतो. त्या तळघरात मी आजवर पाऊलही ठेवलेले नाही. जे सांगतो ते रौशनने, आमच्या शेजारणीच्या थोरल्या मुलीने, मला सांगितले. तिच्या आईने त्यात दोन ठिकाणी दुरुस्ती केली.

"आगा, उद्या आम्ही तळघरातल्या त्या भीतीच्या खेळाला जाणार आहोत," माझा पुतण्या सांझार म्हणाला. "आत नेमकं काय होतं तेवढं सांगा. व्याख्यान नको."

तेवढेच सांगतो. अंधार असतो, बाहेर पडण्याची किल्ली शोधायची असते, आणि रंगवलेल्या तोंडाचे नट अंगावर येतात. ज्याला स्पर्श नको असेल त्याच्या मनगटावर हिरवा चमकणारा पट्टा बांधतात. त्याला कुणीही हात लावत नाही. हा नियम कडक आहे.

कारागांदा शहरातल्या त्या तळघरात रौशन मेलेल्या म्हातारीचे काम करी. देखावा स्वयंपाकघराचा होता आणि मालक दौरेनला वास खरा हवा होता. म्हणून गेल्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारी, पहिला बर्फ पडला त्या रात्री, तिने शेगडीवर खरोखरच सात शेल्पेक, म्हणजे पातळ पोळ्या, तळले, आपण घरी मृतांच्या नावाने तळतो तसे.

"कुणाच्या नावानं तळणार आहेस?" आईने दुपारी फोनवर विचारले होते.

"कुणाच्याच नाही. नाटक आहे ते, आई."

"वास उठला की कुणीतरी येतंच. एखादं नाव घे. नाहीतर ज्याला कुणी बोलवत नाही ते येईल."

"आलं तर दौरेन त्यालाही कामावर ठेवेल."

त्या रात्रीच्या तीन खेळाडूंत रौशनची धाकटी बहीण आनेल होती. भित्री, मैत्रिणी चिडवतील म्हणून आलेली. मनगटावर पट्टा, पाठीवर एक जाड वेणी.

मैत्रिणी पुढच्या खोलीत गेल्या. आनेल मागे राहिली. ठरल्याप्रमाणे रौशनने दिवा घालवला आणि ती पडद्यामागे सरकली. दौरेन वर बसून, अंधारातही दिसणाऱ्या कॅमेऱ्यातून, सारे पाहत असे. त्याचा आवाज तिच्या कानात आला.

"तिला पट्टा आहे. हात काढ."

"मी पडद्यामागे आहे."



"रौशन... मग तिची वेणी कोण सोडतंय?"

तिने दिवा लावला.

आनेल स्टुलावर बसली होती. एकटी. रडत नव्हती. मान जराशी मागे... केस विंचरून घेताना मुली बसतात तशी.

पाठीवर दोन वेण्या होत्या. तळणाच्या तेलाने माखलेल्या.

घरी आईने त्या हातात घेऊन पाहिल्या.

"लग्नात मुलीच्या एका वेणीच्या दोन करतात," ती म्हणाली. "सुनेच्या वेण्या आहेत या. कुणीतरी हिला आपल्या घरची केलीय."



भीतीच्या भरात मुलीने स्वतःच त्या घातल्या असतील, असे मीही म्हणालो होतो. पण चित्रणात तिचे दोन्ही हात शेवटपर्यंत मांडीवर आहेत. पट्टा चमकताना दिसतो. तो हलत नाही.

आई आता दर गुरुवारी तळते आणि ठाऊक असलेल्या प्रत्येक मृताचे नाव घेते. मग आनेलची एकच वेणी घालते, गाठ मारते, आणि तिला कुशीत घेऊन झोपते.

शुक्रवारी सकाळी वेण्या दोन असतात.