बॉनेटवरचे दोन हात

समोरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक मला पहिल्यांदा नीट दिसले ते माझ्याच व्हॅनच्या काचेतून, आणि तेव्हा मी त्यांच्यावर खेकसत होते.

व्हॅन आमच्या धुलाईच्या दुकानाची, जुनी. कडाक्याची थंडी पडली की तिचे पुढचे गियर कसेबसे पडतात, रिव्हर्स काही पडत नाही. इंजिन तापेपर्यंत नुसती घुरघुर. मी तर ती रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून लावणार. इस्पितळाच्या चादरी सकाळी वेळेवर पोचायला हव्यात, थांबायला सवड कुणाला? त्या दिवशी हे गृहस्थ न विचारता आले, भिंतीला पाठ लावली, बॉनेटवर हात ठेवले...

"जीव नकोसा झालाय का?" मी डोकं बाहेर काढलं.

"तुमच्या गाडीखाली? आधी हलू तर द्या तिला."

गाडी मागे ढकलायची म्हणजे माणूस अगदी समोर येतो. मी बघू कुठे? पांढऱ्या मिशा, तोंडातून वाफ, आणि स्वतःच्याच चष्म्यावर धुकं — तरी हसत होते.

मग रोजचंच झालं. ते माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचे, मी त्यांची पाटी वाकडी आहे म्हणून ऐकवायची. एकदा तापानं आले नाहीत. माझ्या मुलानं गाडी ढकलली, अन् मी उगाच त्याच्यावर डाफरले.

परवा चहा गाळता गाळता सून म्हणाली, "आई, गाडी उलटी लावा की. संध्याकाळी इंजिन गरम असतं, रिव्हर्स पडतो. सकाळी सरळ पुढे निघा."

कप माझ्या हातात तसाच राहिला. नवऱ्यामागे धंदा चालवला, पोरांची लग्नं लावली, आणि अख्ख्या हिवाळ्यात मला एवढं सुचू नये? पण थांबा... रोज ढकलणाऱ्या त्या चष्मेवाल्यांना तरी कसं सुचलं नाही?

तशीच रस्ता ओलांडून त्यांच्या दुकानात गेले. ते भिंग पुसत बसले होते.

"गाडी उलटी लावायची, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला वेडी ठरवून ढकलत राहिलात?"

भिंग पुसायचं थांबलं. "सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही भुर्रकन निघून गेला असता, बाई. तुमच्या तोंडाकडे सरळ बघायला मी दुसरं कोणतं निमित्त काढणार होतो?"

  एवढ्या थंडीत माझे कान तापले.

"आता निमित्त गेलंच," ते हळूच म्हणाले, "तर विचारूनच टाकतो... लग्न कराल माझ्याशी?"

नाही म्हटलं तर उद्यापासून काचेपलीकडे नुसता रस्ता. हो म्हटलं तर सगळी गल्ली हसणार, मुलगा काय म्हणेल कोण जाणे. एवढा सगळा विचार डोक्यात येईपर्यंत माझं तोंड बोलूनही गेलं होतं —

"हो! पण विचारायला उन्हाळा उजाडायची वाट बघत होतात काय?"

माझ्यामागून आलेली सून दारात उभी होती. तिचं तोंड उघडं ते उघडंच. माझंही.