चौथा नट

राव, आधीच सांगतो. ही घटना रात्रीची नाही. अमावास्या नव्हती, कुत्री रडत नव्हती. जानेवारीतला रविवार, भर दुपार, चाकणच्या मागे एका बंद पडलेल्या कारखान्याचं सिमेंटचं आवार... आणि आजूबाजूला वडापाव खात उभी असलेली चिक्कार माणसं.

तरीही हे घडलं. जिच्याबरोबर घडलं ती मिनल माझ्या बायकोची जुनी मैत्रीण. एरवी थट्टामस्करीत पटाईत, पण हा विषय निघाला की एक शब्द वाढवून बोलत नाही. पटत नसेल त्यानं इथंच थांबावं.

त्या आवारात हौशी पोरांचा एक क्लब गाड्या पळवतो. शंकू मांडायचे, घड्याळ लावायचं, एका वेळी एकच गाडी. सोमवारी हीच मंडळी कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढत फर्स्ट शिफ्टला.

मिनलचा थोरला भाऊ नागसेन या खेळातला वाघ होता. तळवड्यात रणजीतच्या शेडमध्ये दोघा मित्रांनी मिळून एक बुटकी, लाल स्पोर्ट्स कार उभी केली होती. दोन सीट, छप्पर नाही. जागा रणजीतच्या घरची, कसब नागसेनचं. दोघं एका ताटात जेवायचे. मिनलला रणजीत धाकटी बहीण म्हणायचा, आणि तीही त्याला दादा म्हणायची.

गेल्या वर्षी याच आवारात, ऐन वेगात, त्या गाडीचं पुढचं डावं चाक निखळलं.

नागसेन जागेवर गेला.

तीन बोल्ट तुटलेले सापडले. चौथ्याचा नट मात्र लांब गवतात पडला होता. अख्खा, आटे शाबूत, म्हणजे नीट आवळलेलाच नव्हता... आणि तरी त्यावर पिवळी रेघ.

ही रेघ काय, ते सांगतो. नट पुरेसा आवळला गेला की टॉर्क रेंच, म्हणजे नट आवळायचा खास पाना, 'टक्' असा वाजतो. मग नटावर पिवळ्या मार्करनं रेघ मारायची. ती दिसली की पुढचा माणूस त्या नटाला हात लावत नाही. मिनलचे वडील खंडूबाबा आयुष्यभर पिंपरीच्या कंपनीत असेंब्लीला होते. पोरांना त्यांनी एकच शिकवलं होतं : आधी टक्, मग रेघ.

रणजीतनं तेव्हा रडत रडत सांगितलं, "चाक नाग्यानंच बसवलं. मी म्हणत होतो, तपास एकदा. ऐकलं न्हाई त्यानं."

खंडूबाबा त्या दिवसापासून खचले. पोरगा गेला तो गेलाच, वर खोटी रेघ मारून गेला! जुन्या कामगार मित्रांना तोंड दाखवेनात. नागसेनची हत्यारांची पेटी कुलूप लावून कॉटखाली ढकलली, ती ढकललीच.

वर्षानं रणजीतनं गाडी दुरुस्त केली. म्हणाला, "नाग्याच्या नावानं एक फेरी मारू. चालवायची मिनलनं."

मिनल तयार झाली. भावानंच तिला चालवायला शिकवलं होतं. त्याच्या गाडीत, त्याच जागी एक फेरी नीट पुरी करायची, म्हणजे लोक त्याचं नाव जरा बऱ्या तोंडानं घेतील, एवढीच तिची आस.

तर त्या दुपारी...

मिनल हेल्मेट घालून, पट्टे बांधून बसलेली. बसण्याआधी तिनं डाव्या चाकाकडे नीट पाहिलं होतं. चार नट, चार पिवळ्या रेघा. मग रणजीत रेंच घेऊन तिथं वाकला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "रणजीतभाऊ, फोटो!" तो उठला, रेंच ताडपत्रीवर टाकला आणि गेला.

गाडी बंद. जवळ कुणी नाही.

टक्.

मिनलला वाटलं, रणजीत परत आला.

टक्...

तिनं वाकून पाहिलं. चाकापाशी कुणीच नव्हतं. रेंच ताडपत्रीवर जिथल्या तिथं.

टक्.

मग शांतता. लहानपणापासून हा आवाज ऐकलेली ती. नकळत चौथ्याची वाट बघत राहिली.

चौथा आलाच नाही.

तेवढ्यात मार्करचा उग्र वास आला... आणि बॉनेटवर कुणी हात टेकून उठावं, तशी गाडी डावीकडे जराशी दबली... आणि वर आली.

नागसेन असाच उठायचा. प्रत्येक वेळी.

"मॅडम, स्टार्ट करा!" झेंडेवाला ओरडला. मिनलनं पट्टे सोडले आणि खाली उतरली.

चाकावर तीनच रेघा होत्या.

चौथा नट कोरा. पुसल्याचा डाग नाही, काही नाही. तिनं बोट लावलं, तर बाटलीच्या झाकणासारखा गरकन फिरला.

रणजीत धावत आला. सैल नटाकडे त्यानं पाहिलंही नाही. तो नसलेल्या रेघेकडे बघत होता. चेहरा पांढराफटक.

"मारली होती की मी! चारी आधीच मारून ठेवल्या होत्या, नेहमीसारख्या..."

"नेहमीसारख्या?" मिनल म्हणाली. "आवळायच्या आधी?"

त्यानं ताडपत्रीवरचा रेंच उचलला आणि परत ठेवला.

"त्या दिवशी पण? चाक तू बसवलं होतंस?"

रणजीत चाकाला टेकून खाली बसला. "घाई होती गं. नाग्या बसला होता गाडीत. तीन आवळले आणि कुणीतरी हाक मारली..."

"आणि नाव माझ्या भावाचं घेतलंस?"

"तो तर गेलाच होता, मिनल. मला जगायचं होतं."

काय बोलावं अशा माणसाला? वर्षभर हा त्यांच्या घरी येऊन जेवत होता!

मिनल एकच म्हणाली, "हे पप्पांसमोर बोल." तो मान खाली घालून हो म्हणाला. आपल्याच गाडीतून तिला पिंपरीला घेऊन आला.

खंडूबाबा कॉटवर बसले होते. समोर भिंतीवर नागसेनचा फोटो. रणजीत पाणी प्यायला, तोंड पुसून म्हाताऱ्याच्या कानाशी मोठ्यानं बोलला.

"काका, मिनलला धक्का बसलाय. गाडीत बसल्यावर भाऊ आठवला आसंल. मी चाक बसवलं म्हनती. मी आसं कायबी बोललो न्हाई."

मिनलच्या पायाखालची जमीनच सरकली. एकाच माणसानं एकाच घराला दोनदा दगा द्यावा?

आणि तेवढ्यात कॉटखालून...

टक्.

कंपनीतल्या मशिनींनी खंडूबाबांचे कान कधीच अधू केले होते. शेजारी हळू बोललेलं ऐकू यायचं नाही. पण त्यांनी मान वर केली.

टक्... टक्.

म्हाताऱ्याचं बोट हवेत थांबलं. तिघंही वाट बघत होते. फॅन गरगरत होता, खाली कुणीतरी रिक्षा चालू करत होतं.

चौथा आलाच नाही.

"तीनच झाले," खंडूबाबा म्हणाले. मग रणजीतकडे वळले.

"चौथा सैल कुणी ठेवला, रणजीत?"

रणजीत उठला तो तडक जिन्यावरून खाली. चपला दारातच राहिल्या. स्वतःच्या गाडीला त्यानं हात लावला नाही, रस्त्यानं अनवाणी पळत गेला. गाडी न्यायला नंतर ड्रायव्हर आला.

खंडूबाबांनी कुलूप काढलं. पेटीत नागसेनचा रेंच होता तसाच. मार्करचं टोपण निघालेलं, आणि वर्षभरानंतरही त्याचं टोक ओलं. म्हातारा त्या पेटीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. "माझ्या पोरानं खोटी रेघ मारली नव्हती गं..."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण रणजीत आजही क्लबात नागसेनचंच नाव सांगतो. मिनल सांगायला गेली तर लोक म्हणतात, बहीण आहे, बोलणारच.

म्हणून असेल...

दर रविवारी दुपारी पेटीतून आवाज येतो. बापलेक चहाचे कप हातात धरून बसतात. टक्. टक्. टक्.

मी स्वतः एकदा तिथं होतो. चहा गार झाला, तरी चौथ्याची वाट बघताना तिघांपैकी कुणी जागचं हललं नाही.