साहेबांची रजा

कोर्टातल्या झेरॉक्स मशीनने कागद गिळला, मशीनवाल्याने वरून एक दणका दिला, आणि तिचे नि त्याचे कागद एकदमच जमिनीवर पसरले! दोघंही खाली बसून गोळा करू लागले. मध्येच तो थबकला.

"अहो... ही तर एकच केस आहे."

"म्हणजे तुम्ही नगरपालिकेचे?" तिने कागद छातीशी धरले. "माझ्या मावशीचं पाळणाघर बंद करणारे?"

"मी नुसता क्लार्क हो. बंद साहेब करतात — मी फक्त शिक्का मारतो."

"मोठे साळसूद!"

पण हसू आलंच की तिला! वकील होऊन जेमतेम सहा महिने झालेले. ज्यांच्या हाताखाली ती शिकत होती त्या वकीलबाई तिला अजून 'चिमणी'च म्हणायच्या. आणि पहिलीच याचिका घरची! मावशीने वीस वर्षं ज्या खोल्यांत दुसऱ्यांची बाळं झोपवली, त्यांना कुलूप. आदेशात लिहिलेलं — 'संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं'. मावशी म्हणे, "अगं, दोन तास बाकावर बसून होते मी. कुणी आत बोलावलंसुद्धा नाही!" पण पुरावा?

मग दर तारखेला कँटीनमध्ये चहा.

"शत्रुपक्षाचा चहा चालतो?"

"बिस्किटं असतील तर."

त्याच्या कपाळावर येणारी ती एक बट... जाऊ दे! 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही.

आणि एका दुपारी तो हसत हसत बोलून गेला, "सुनावणी कसली गं? साहेब तर त्या दिवशी रजेवर होते. खुर्चीवर नुसता कोट!"

तिच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

त्याच संध्याकाळी तिने प्रतिज्ञापत्रात लिहिलं — साहेब हजरच नव्हते, रजेचं रजिस्टर मागवावं. त्याला विचारावं म्हणून दोनदा फोन हातात घेतला. पण तो नको म्हणाला तर? मावशीचं काय? फोन ठेवून दिला.

रजिस्टर आलं. तीच तारीख, साहेबांचीच सही!

"पाळणाघर चालावं की नाही, हे आम्ही ठरवत नाही," न्यायमूर्ती म्हणाले. "पण म्हणणं न ऐकताच घेतलेला निर्णय बेकायदा आहे. तो रद्द."

मावशीने भर कोर्टात तिचा पापा घेतला. तो मागच्या बाकावर एकटाच बसलेला. साहेबांच्या रजेचं ऑफिसातल्या चौघांनाच ठाऊक, आणि तिच्याबरोबर चहाला एकच जायचा. शुक्रवारी बदलीचा कागद त्याच्या हातात पडला — आठ तास लांब, जुन्या फायलींच्या गोदामात.

ती धापा टाकत बसस्टँडवर पोचली.

"मला... मला तू आवडतोस रे."

"मलाही. केव्हापासून ते विचारू नकोस."

"मग ओरड ना माझ्यावर! मावशीसाठी केलं मी —"

"त्याचा राग नाहीच गं. मी स्वतः उभं राहून सांगितलं असतं कोर्टात. बदली तेव्हाही झाली असती." त्याने बॅग उचलली. "एकदा विचारायचंस फक्त."

"पोचलास की फोन करशील?"

"बघू," तो म्हणाला. आणि तिच्या बाजूची खिडकी रिकामी असूनही पलीकडे जाऊन बसला.